माणसं आणणं एक, बोट आणणं दुसरं

ट्रॉलर बुडाला की गोव्यात मालीम असो, कुटबण असो की वास्कोचा खारीवाडा, जेटीवर एकच वाक्य फिरतं: 'तटरक्षक दलवाले आले, खलाशांना घेऊन गेले आणि बोट सोडून दिली.' तक्रारीच्या सुरात. वर्षानुवर्षं हेच ऐकून कंटाळा आलाय, कारण यात दोन वेगळ्या कामांची सरमिसळ आहे. एक शोध आणि बचाव, दुसरं सॅल्व्हेज.

बचाव सगळ्यांना ठाऊक आहे. तटरक्षक दलाच्या १५५४ वर फोन किंवा बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनेलवर हाक. मग जवळचं जहाज वळवतात, हेलिकॉप्टर निघतं. संकटातल्या मच्छीमाराला मदत करणं हे १९७८ च्या कायद्यानंच तटरक्षक दलाचं कर्तव्य ठरवलंय. वाचलेल्याला बिल येत नाही.

सॅल्व्हेज म्हणजे मालमत्ता सोडवणं. तो मालक, विमा कंपनी आणि ओढणारा यांच्यातला व्यवहार. कांदोळीची 'रिव्हर प्रिन्सेस' आठवा. जून २००० मध्ये रुतलेलं ते जहाज दहा वर्षांहून जास्त काळ किनाऱ्यावर पडून राहिलं. तिथे वाद जिवाचा नव्हताच; जहाज कोणी, कोणाच्या पैशानं हलवायचं, याचा होता.

इथपर्यंत लोक मान डोलावतात आणि मग हमखास विचारतात: मग जुलै २०२३ मध्ये दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेचं संशोधन जहाज 'सिंधू साधना' तटरक्षक दलानं कसं ओढून आणलं? आमचीच बोट जड झाली का?

खरी गल्लत इथे आहे. 'सिंधू साधना'चं इंजिन बंद पडलं होतं, पण सांगाडा शाबूत होता. जहाजावर ३६ माणसं होती आणि ते कारवारच्या किनाऱ्याकडे वाहत चाललं होतं. खडकावर आपटलं असतं तर माणसंही गेली असती आणि समुद्रात तेलही सांडलं असतं. तिथे जहाज ओढणं हाच बचाव होता.

पाणी शिरलेल्या ट्रॉलरचं उलटं असतं. लाटेवर दोन बोटी एका वेळी चढत-उतरत नाहीत. मधला दोर आता ढिला, पुढच्या क्षणी ताठ. त्या हिसक्यानं दोर तुटतो, नाहीतर नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, दोर बांधायचा खुंटच उखडतो. आतलं पाणी लाटेसरशी एका कुशीकडे धावतं आणि बोट कलंडते. वर माणसं असतील तर तीही तिच्याबरोबर जातात. म्हणून आधी माणसं उतरवतात. त्यानंतरही बोट तरंगत असली आणि हवामानानं साथ दिली, तर ओढायचं बघता येतं. हा क्रम मला पूर्ण मान्य आहे.

बोट सोडायला तांडेलाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याचं, मन तयार होत नाही, हे मी समजू शकतो. मालकाचं कर्ज, जाळी, इंजिन, सगळं त्या एका सांगाड्यावर उभं असतं. पण तो अडून बसला की ओडिशा-झारखंडहून आलेली पोरंही त्याच्याबरोबर अडकतात. उजेड कमी होत जातो आणि डोक्यावर थांबलेल्या हेलिकॉप्टरचं इंधनही. २ सप्टेंबर २०२४ ला पोरबंदरजवळ एका टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला निघालेलं तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. चारांपैकी तिघे गेले. माणसासाठी ते एवढी जोखीम घेतात. इंजिन आणि जाळ्यासाठीही तीच घ्यावी, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

विम्यातही हाच गोंधळ. मत्स्यसंपदा योजनेतला गट अपघात विमा माणसाचा आहे: अपघाती मृत्यूला ५ लाख रुपये. त्यातून बोटीचा एक रुपयाही मिळत नाही. बोटीचा विमा वेगळा काढावा लागतो, आणि मालकांनी तो काढलाच पाहिजे. तो असेल तर तांडेलाला बोट सोडताना मालकाच्या कर्जाचा विचार करत बसावं लागणार नाही.

हाक देताना 'बोट संकटात आहे' एवढंच सांगू नका. जीपीएसवरचं ठिकाण, वर किती माणसं, पाणी शिरतंय की फक्त इंजिन बंद आहे, आणि शिरत असेल तर पंपाला ते आवरतंय का, हे पहिल्याच दमात सांगा. काय घेऊन निघायचं आणि किती घाई करायची, हे पलीकडचा माणूस त्यावरूनच ठरवतो.