‘थ’चा ‘स’ झाला, आणि राजघराणं दुभंगलं

हंसाला क्वेन्या भाषेत ‘आल्क्वा’ म्हणतात. तिच्या किनारपट्टीवरच्या बहिणीत, तेलेरिनमध्ये, तो ‘आल्पा’ होतो आणि समुद्राच्या अलीकडेच राहून गेलेल्या भाऊबंदांच्या सिंदारिनमध्ये ‘आल्फ’. तिन्ही शब्दांचं मूळ एकच. मुळातला ‘क्व’ एकीने जपला, दुसरीने त्याचा ‘प’ केला, तिसरीने पुढे ‘फ’. संस्कृतातले हस्त आणि सप्त मराठीत हात आणि सात होऊन यावेत, तसा हा नियमाने झालेला बदल आहे. फक्त या भाषा कोणत्याही गावात कधी बोलल्या गेल्या नाहीत. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी लिहिणाऱ्या जे. आर. आर. टॉल्किन नावाच्या एका प्राध्यापकाने त्या आपल्या कथांमधल्या एल्फ या काल्पनिक, अमर लोकांसाठी रचल्या, बोलींसकट.

टॉल्किन (१८९२-१९७३) पेशाने भाषाशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धानंतर काही काळ तो ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या कामावर होता आणि १९२५मध्ये ऑक्सफर्डलाच अँग्लो-सॅक्सनचा प्राध्यापक झाला. विद्यार्थी असताना त्याला कॉलेजच्या ग्रंथालयात फिनिश भाषेचं व्याकरण सापडलं आणि त्या नादाने तो इतका झपाटला की १९१५च्या सुमाराला क्वेन्याचा शब्दसंग्रह लिहू लागला होता. दुसरं प्रेम वेल्श. लहानपणी बर्मिंगहॅममध्ये कोळशाच्या वाघिणींवर लिहिलेली वेल्श गावांची नावं त्याने पाहिली होती. त्या प्रेमातून दुसरी एल्फ भाषा आली, जी पुढे सिंदारिन झाली. कथा त्यानंतरच्या. भाषांना राहायला जग हवं म्हणून आपण गोष्टी लिहिल्या, असं तो सांगत असे. वाचकांना हे बहुधा खरं वाटत नसे.

आता गंमत पाहा. ही वेल्शसारखी भाषा कित्येक वर्षं ‘नोल्दोरिन’ होती, म्हणजे नोल्दोर या एल्फांच्या विद्वान आणि हट्टी कुळाची स्वतःची भाषा. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पूर्ण होत आलं तेव्हा, १९५०च्या आसपास, टॉल्किनने तिचा मालकच बदलला. ती आता समुद्रापलीकडे पश्चिमेला कधीच न गेलेल्या सिंदार एल्फांची झाली आणि नोल्दोरना क्वेन्या मिळाली. शब्द बहुतेक तेच राहिले, वंशावळ नवी आली.

पण मग पश्चिमेहून परतलेले नोल्दोर आपली भाषा सोडून सिंदारिन का बोलू लागले? या अडचणीचं उत्तर म्हणून एक फर्मान आलं. परतीच्या वाटेवर जहाजांसाठी नोल्दोरनी आल्क्वालोंदे या हंसांच्या बंदरात तेलेरींची, म्हणजे तेलेरिन बोलणाऱ्या किनाऱ्यावरच्या एल्फांची, कत्तल केली होती. तिथला राजा ओल्वे हा सिंदारांच्या थिंगोल राजाचा सख्खा भाऊ. थिंगोलला हे उशिरा कळलं आणि त्याने आपल्या राज्यात क्वेन्या बोलायला बंदी केली. तेव्हापासून क्वेन्या सरदारांच्या वाड्यांत, पोथ्यांत आणि समारंभांत उरली. टॉल्किनने तिला एल्फांची लॅटिन म्हटलं आहे. पुढे न्यूमेनोर या बेटावरचे मानव राजेसुद्धा राज्याभिषेकाला क्वेन्या नाव घेत. एल्फांशी बिनसल्यावर तिथल्या आर-अदूनाखोर राजाने मायबोलीतलं नाव धारण केलं. तो भाषेचा निर्णय कमी, राजकारणाचा जास्त.

माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत सुरेख गोष्ट एकाच ध्वनीची आहे. क्वेन्यात पूर्वी इंग्रजी ‘थिंक’मधला ‘थ’ होता, नोल्दोरनी त्याचा ‘स’ केला. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या १९५५च्या परिशिष्टातल्या एल्फ लिपीच्या तक्त्यात नवव्या अक्षराला ‘थूले’ आणि ‘सूले’ अशी दोन्ही नावं छापली आहेत. एवढंच. वर्षं गेली आणि १९६८मध्ये किंवा त्यानंतर, पंच्याहत्तरी उलटलेल्या टॉल्किनने या बदलावर एक टिपण लिहिलं. नोल्दोरांच्या फिन्वे राजाची पहिली राणी मीरिएल, तिचं उपनाव ‘थेरिंदे’, म्हणजे सुईकाम करणारी. आपलं नाव ‘थ’नेच उच्चारावं असा तिचा आग्रह होता. ती गेली. फिन्वेने वान्यार या दुसऱ्या एल्फ कुळातल्या इंदिसशी लग्न केलं. वान्यारांनी खरं तर ‘थ’ जपला होता, पण नव्या राणीने सासरच्यांसारखा ‘स’ उचलला आणि राजाही ‘स’ म्हणू लागला. मीरिएलचा मुलगा फेआनोर याला हा आईचा अपमान वाटला. त्याने आपल्या मुलांना हट्टाने ‘थ’ शिकवला. बाकीच्यांचा ‘सेरिंदे’ त्याच्या कानाला शिवीसारखा लागत असणार. ‘पाणी’ की ‘पानी’ यावरून माणसाचं घर, गाव, जात ओळखू पाहणाऱ्या मराठी वाचकाला हे फार समजावून सांगायला नको.

म्हणजे ध्वनिबदल आधी छापला गेला, त्यामागचं कौटुंबिक भांडण किमान तेरा वर्षांनी सुचलं. आणि ते इतकं चपखल बसतं की सावत्रपणाची ही सल मुळापासूनच कथेत होती असं वाटावं. हे टिपण टॉल्किनच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, १९९६मध्ये प्रसिद्ध केलं.

दर वेळी मात्र असं जमलं नाही. त्याच म्हातारपणात टॉल्किनने ‘एल्रोस’ या आपल्या एका पात्राच्या नावातल्या ‘रोस’ शब्दाचा छडा लावायला घेतला. हा शब्द एल्फांचा नव्हेच, तो मानवांच्या एका जुन्या भाषेतून आला, असा तपशीलवार इतिहास त्याने रचला. मग त्याच्या लक्षात आलं की फार पूर्वी छापलेल्या ‘काइर आंद्रोस’ या बेटाच्या नावात तोच ‘रोस’ आहे, आणि तिथे तो सिंदारिन म्हणून, फेस या अर्थाने, देऊन झाला आहे. काइर आंद्रोसमुळे यातलं बरंचसं फसतं, अशा अर्थाची नोंद त्याने त्याच कागदावर केली आणि विषय सोडून दिला.