हरिपाठ : वारकऱ्यांच्या रोजच्या नेमामागचा इतिहास

गळ्यात तुळशीची माळ पडली की वारकऱ्याला काही नेम लागतात. मांस-मद्य वर्ज्य, एकादशीचा उपवास, पंढरीची वारी आणि रोजचा हरिपाठ, म्हणजे हरिनामाचा महिमा सांगणाऱ्या अभंगांचं पठण. वारीचा योग वर्षातून एकदा-दोनदा येतो, एकादशी पंधरवड्याला. माणूस घडतो तो मात्र रोजच्या हरिपाठानं, असं मला मनापासून वाटतं.

१३व्या शतकात नित्य उपासना म्हटली की त्रिकाळ संध्या. ती मुंज झालेल्या पुरुषांपुरती, संस्कृत मंत्रांची, ठरल्या वेळेची. नांगरामागे चालणाऱ्याला किंवा जात्यावर बसलेल्या बाईला तिथे जागाच नव्हती. ज्ञानेश्वरांचा हरिपाठ या लोकांसाठी होता. त्यात २७-२८ छोटे अभंग आहेत. पहिलाच अभंग म्हणतो, ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी’. मागणं एवढंच, क्षणभराचं. त्याच अभंगात ‘असोनि संसारीं जिव्हे वेगु करीं’ असं येतं. म्हणजे घरदार सोडायची गरज नाही. पुढे ‘काळवेळ नाम उच्चारितां नाहीं’ म्हणून मुहूर्ताची अटही काढून टाकली आहे. तरीही ‘नित्यनेम नामीं ते प्राणी दुर्लभ’ हेही तिथेच बजावलं आहे. नाम सोपं आहे, ते रोज घेणं अवघड आहे, हे त्या काळीही पुरतं ठाऊक होतं.

अभ्यासकांनी ज्ञानेश्वरीचे आणि अभंगांचे कर्ते एकच की वेगळे, यावर वाद घातला. हरिपाठाची भाषा ज्ञानेश्वरीपेक्षा पुष्कळ सोपी वाटते हे खरं. पण इतकी शतकं रोज तोंडी फिरलेली रचना घासून गुळगुळीत होणारच. सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या चरणांमुळे ती पटकन पाठ होते. अक्षरओळख नसलेल्या माणसांनीही ती जपली, याचं मोठं श्रेय या छंदाला आहे. पुढे एकनाथांचा आणि तुकारामांचाही हरिपाठ रूढ झाला.

एकट्याचा नेम सुटतो, मंडळींबरोबरचा टिकतो. १९व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली आणि वाटेवरच्या भजनांचा क्रम बांधून दिला. १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे शिकलेले कीर्तनकार गावोगाव गेले. आज गावच्या सप्ताहात, म्हणजे सात दिवसांच्या भजन-कीर्तनाच्या उत्सवात, पहाटे काकडा आरती, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन अशी घडी दिसते.

त्यातला हरिपाठ उभ्यानं होतो. समोरासमोर दोन रांगा, मध्ये मृदंग. एक चरण या रांगेनं म्हणायचा, दुसरा त्या रांगेनं, आणि दर वेळी धृपद ‘हरि मुखें म्हणा’. हळूहळू पावली, म्हणजे तालावर पावलं टाकत नाचणं, सुरू होते, टाळाची लय चढते. नवं पोर शेवटच्या जागेवर उभं राहून शेजारच्याचे ओठ बघत शब्द उचलतं. बहुतेक वारकऱ्यांना हरिपाठ असाच पाठ झालेला असतो, पुस्तक नंतर हाती येतं.