टाइम झोन आणि डीएसटीचे बग

सॉफ्टवेअरमधे वेळ साठवताना, एका झोनमधून दुसऱ्यात नेताना किंवा स्क्रीनवर दाखवताना जी गडबड होते तिला सरसकट टाइम झोन बग म्हणतात, आणि काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात (डीएसटी) त्यामुळे होणारी गडबड हा त्यातलाच एक जास्त त्रासदायक प्रकार. हे बग शोधताना कोड उघडायच्या आधी एकच करायचं: वेळ नेमकी कितीने चुकतेय ते मोजायचं. ताप किती आहे ते बघूनच डॉक्टर पुढचं विचारतो, तसंच हे. साडेपाच तास, एक तास, साडेतीन तास, २३ मिनिटं, प्रत्येक आकड्याचं कारण वेगळं असतं आणि बऱ्याचदा आकड्यावरूनच निम्मं काम होतं.

भारतात सगळ्यात जास्त दिसतो तो साडेपाच तासांचा फरक, कारण आपली वेळ यूटीसीच्या (सगळ्या जगाची संदर्भ वेळ, तिच्यावरूनच बाकीचे झोन मोजतात) ५:३० पुढे आहे आणि सर्व्हर बहुतेक यूटीसीवर चालतात. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर भारतीय वेळ असते म्हणून तिथे सगळं बरोबर दिसतं आणि मग ते प्रसिद्ध वाक्य येतं, "माझ्या मशीनवर तर चालतंय". समजा पुण्यात कुणी फॉर्ममधे १५ ऑगस्ट निवडला. ब्राउझर ते १५ ऑगस्टची मध्यरात्र, भारतीय वेळ, असं धरतो, पाठवताना यूटीसी करतो म्हणजे १४ ऑगस्ट १८:३० होतं, आणि सर्व्हरवर कुणीतरी वेळ कापून फक्त तारीख ठेवलेली असते, झाली १४ तारीख. डेटाबेसमधे ओळीने १८:३० दिसायला लागले की समजायचं, इथे तारखेला उगाच वेळ चिकटवलीय. जन्मतारीख, सुट्टी, जॉइनिंग डेट या गोष्टींना झोन नसतोच, त्या नुसत्या तारीख म्हणूनच ठेवायच्या. याच्या उलटाही प्रकार आहे, जावास्क्रिप्ट नुसती '२०००-०८-१५' अशी तारीख यूटीसीची मध्यरात्र म्हणून वाचतं, भारतात ती पहाटे साडेपाच दिसते म्हणजे तारीख तीच राहते, पण अमेरिकेतल्या माणसाला १४ दिसते, आणि इथे बसून कितीही टेस्ट केलं तरी ते सापडत नाही.

याच घरातला दुसरा बग म्हणजे रात्री बारा ते साडेपाच या वेळेतला. तेव्हा यूटीसीत अजून कालचा दिवस चालू असतो, त्यामुळे १ एप्रिलला रात्री एक वाजता काढलेलं इन्व्हॉइस ३१ मार्चचं, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं. दिवसभर कितीही तपासा, सापडणार नाही. आणि फरक ११ तासांचा असेल तर वजा करायचे साडेपाच कुणीतरी मिळवून ठेवलेत.

२३ मिनिटांचा बग पहिल्यांदा बघणारा माणूस चक्रावतो. पायथनची पायटीझेड नावाची जुनी लायब्ररी आहे, तिचा एशिया/कोलकाता (भारतीय वेळेचं सॉफ्टवेअरमधलं नाव) झोन थेट तारखेला जोडला तर ५:३० ऐवजी ५:५३ लागतो, कारण ती त्या झोनच्या आजवरच्या वेळांच्या यादीतली सगळ्यात जुनी नोंद उचलते आणि ती कोलकात्याची रेल्वेच्या आधीची स्थानिक सूर्यवेळ आहे! सकाळी १० ची मीटिंग यूटीसीत ४:०७ म्हणून साठते आणि परत दाखवताना ९:३७ होते. लोकलाइझ हे फंक्शन वापरलं की हा बग जातो, किंवा पायथन ३.९ पासून आलेलं झोनइन्फो वापरावं, आता नवीन कोडमधे जुनं घ्यायचं काही कारण नाही.

साडेतीन तास चुकत असतील तर 'आयएसटी' ही तीन अक्षरं शोधा. भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघेही ती वापरतात, आणि पोस्टग्रेस डेटाबेस मुळात इस्रायल धरतो, भारत हवा असेल तर तशी सेटिंग बदलावी लागते. त्यापेक्षा अशी अक्षरं वापरूच नयेत, एशिया/कोलकाता असं पूर्ण नाव लिहावं.

बरोब्बर एक तास चुकतोय, आणि काल-परवापर्यंत ठीक होतं, म्हणजे डीएसटी. अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातं, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार, त्यामुळे मार्चमधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आणि लंडनमधलं अंतर पाचऐवजी चार तास होतं. ९ मार्च २०२५ ला न्यूयॉर्कमधे रात्री अडीच वाजलेच नाहीत, दोनवरून घड्याळ थेट तीनवर गेलं, आणि २ नोव्हेंबरला दीड दोनदा वाजला. त्या वेळेला लावलेला जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) मग एकदा चालतच नाही किंवा दोनदा चालतो, आणि तासावार विक्रीच्या रिपोर्टमधे मार्चमधे एक तास शून्य तर नोव्हेंबरमधे एक तास दुप्पट दिसतो, ज्यावर कुणीतरी हमखास मीटिंग लावतो. तो दिवस २३ किंवा २५ तासांचा असतो, म्हणून 'उद्या' काढायला ८६,४०० सेकंद (म्हणजे २४ तास) मिळवणं चूक. ब्राझीलमधे तर २०१९ मधे ही पद्धत बंद होईपर्यंत बदल मध्यरात्रीच व्हायचा, म्हणजे त्या दिवशी ००:०० ही वेळच नसायची.

"सगळं यूटीसीत ठेवा" हा सल्ला सगळे देतात, पण तो अर्धाच खरा आहे. घडून गेलेल्या गोष्टींना तो ठीक, पुढच्या भेटींना नाही. न्यूयॉर्कच्या टीमची दर सोमवारी सकाळी १० ची मीटिंग हिवाळ्यात १५:०० यूटीसी म्हणून साठवली तर मार्चनंतर ती तिथे ११ ला दिसते. हिंजवडीतल्या लोकांना तीच मीटिंग साडेआठवरून संध्याकाळी साडेसातला यायला हवी, ती येत नाही आणि दोन्हीकडचे लोक वेगवेगळ्या वेळी हजर. अशा ठिकाणी स्थानिक वेळ आणि झोनचं नाव दोन्ही साठवायचं.

नियम सरकारं बदलतात, आणि कधीकधी अगदी ऐनवेळी. मार्च २०२३ मधे लेबनॉनने घड्याळ पुढे करायचं दोन-तीन दिवस आधी लांबणीवर टाकलं, मग काही दिवसांत तो निर्णय फिरवला, तेवढ्यात आयाना (इंटरनेटची नावं आणि क्रमांक सांभाळणारी संस्था) सांभाळत असलेल्या टाइम झोन डेटाबेसच्या, म्हणजे जगभरच्या झोनच्या यादीच्या, दोन आवृत्त्या निघाल्या. ही यादी ऑपरेटिंग सिस्टिममधे असते, पण जावा स्वतःची वेगळी प्रत घेऊन फिरतं, त्यामुळे एकाच मशीनवर दोन उत्तरं मिळू शकतात. शिवाय जावाच्या जुन्या टाइमझोन क्लासला नाव चुकीचं दिलं तर तो एरर न देता गुपचूप जीएमटी (व्यवहारात यूटीसीच) देतो, याचा राग यावा तितका कमीच.

बग पुन्हा घडवायला लॅपटॉपचं घड्याळ बदलत बसू नका. टीझेड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल न्यूयॉर्कवर ठेवून, कोडमधे 'आत्ता'ची वेळ बाहेरून देता येईल अशी सोय करून बदलाच्या दोन्ही रविवारच्या तारखा देऊन टेस्ट चालवा. मग ब्राउझर, ॲप, डेटाबेसचं सेशन आणि सर्व्हर, चौघांना एकेक करून त्यांचा झोन विचारायचा आणि कच्ची साठवलेली व्हॅल्यू बघायची, स्क्रीनवरची नाही.

भारतात डीएसटी नाही म्हणून आपण सुटलो असं वाटतं, पण कुंडलीचं सॉफ्टवेअर करणाऱ्याला विचारा. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ देशाचं घड्याळ युद्धामुळे यूटीसीच्या ६:३० पुढे होतं, आणि मुंबईत तर १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही ३९ मिनिटं मागे असलेला बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत टिकला. एशिया/कोलकातामधे युद्धाची वेळ आहे, बॉम्बे टाइम नाही, आणि १९७० च्या आधीची खात्री तो डेटाबेस देतही नाही. म्हणजे १९४० ला गिरगावात जन्मलेल्या आजीची जन्मवेळ कुठल्या घड्याळातली, हे शेवटी घरच्यांनाच विचारावं लागतं.