महाविद्यालयीन ग्रंथपालांची ‘कॅस’ पदोन्नती : पात्रता, प्रशिक्षण आणि प्रस्तावाची कागदपत्रे

विद्यापीठ अनुदान आयोगाने १८ जुलै २०१८ रोजी अधिसूचित केलेल्या विनियमांनुसार महाविद्यालयीन ग्रंथपालांना आणि विद्यापीठांतील सहायक ग्रंथपालांना करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम, म्हणजेच ‘कॅस’, या योजनेखाली वरच्या लेव्हलवर, म्हणजे वरच्या वेतनस्तरावर, स्थाननिश्चिती मिळते. महाराष्ट्रात ही तरतूद सातव्या वेतन आयोगाच्या ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू झाली. प्राध्यापकांच्या कॅसविषयी महाविद्यालयांत सतत चर्चा चालते, पण ग्रंथपालांचे निकष त्याच विनियमांत स्वतंत्रपणे, परिशिष्ट दोनमधील तक्ता चारमध्ये दिलेले आहेत. ते न वाचता शेजारच्या विभागातील प्राध्यापकाची फाइल नमुना म्हणून समोर ठेवून प्रस्ताव तयार करण्याची पद्धत मात्र बरीच रूढ आहे. अशा फाइलीत जे मागितलेले नाही ते भरपूर असते आणि जे अनिवार्य आहे तेच नेमके राहून जाते.

या योजनेचा विचार करणाऱ्या ग्रंथपालाने प्रथम हे लक्षात घ्यावे की पात्रतेचे दोन स्वतंत्र भाग आहेत. पहिला भाग सेवेची वर्षे आणि त्या काळात पूर्ण केलेले प्रशिक्षण यांचा आहे. दुसरा भाग दरवर्षीच्या कामाच्या मूल्यमापनाचा आहे. एका भागातील उणीव दुसऱ्या भागातील भरघोस कामगिरीने भरून निघत नाही.

सेवाकाल आणि प्रशिक्षणाच्या अटी

नेमणुकीच्या वेळी ग्रंथपाल लेव्हल १० वर असतो आणि त्याचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. लेव्हल ११ साठी, म्हणजे वरिष्ठ श्रेणीसाठी, ग्रंथालयशास्त्र, माहितीशास्त्र किंवा प्रलेखनशास्त्रातील पीएच.डी. असल्यास चार वर्षे, एम.फिल. असल्यास पाच वर्षे आणि यांपैकी काहीही नसल्यास सहा वर्षे सेवा लागते. या काळात २१ दिवसांचा किमान एक उद्बोधन वर्ग, तसेच स्वयंचलन, डिजिटायझेशन, देखभाल व तत्सम कामांवरील किमान ५ दिवसांचे प्रशिक्षण, चर्चासत्र किंवा कार्यशाळा पूर्ण झालेली असावी लागते. येथे ‘आणि’ आहे, ‘किंवा’ नाही. उद्बोधन वर्ग झाला म्हणून स्वयंचलनाची कार्यशाळा टळत नाही.

लेव्हल ११ वर पाच वर्षे झाल्यावर लेव्हल १२ ची, म्हणजे निवड श्रेणीची, पात्रता येते. त्या पाच वर्षांत विनियमांनी दिलेल्या पर्यायांपैकी दोन पूर्ण करावे लागतात. स्वयंचलन व डिजिटायझेशनवरील प्रशिक्षण, ग्रंथालयाची देखभाल व संबंधित कामांवरील किमान दोन आठवड्यांचा म्हणजे दहा दिवसांचा अभ्यासक्रम, विषयाशी संबंधित एखादा मूक (MOOC, म्हणजे सर्वांसाठी खुला ऑनलाइन) अभ्यासक्रम ई-प्रमाणपत्रासह पूर्ण करणे किंवा तयार करणे, आणि ग्रंथालय उन्नयनाचा अभ्यासक्रम असे ते पर्याय आहेत. दोन आठवड्यांच्या एका अभ्यासक्रमाऐवजी एकेका आठवड्याचे, म्हणजे प्रत्येकी किमान पाच दिवसांचे, दोन अभ्यासक्रम चालतात. ज्या महाविद्यालयात ग्रंथपाल एकटाच आहे आणि सलग दोन आठवडे ग्रंथालय दुसऱ्यावर सोपवणे शक्य नाही, तेथे ही सवलत खरी उपयोगाची ठरते. पुढे लेव्हल १२ वर तीन वर्षे झाल्यावर लेव्हल १३ए साठी अर्ज करता येतो आणि त्यासाठी त्या तीन वर्षांत या प्रकारचे एक प्रशिक्षण पुरते. लेव्हल ११, १२ आणि १३ए यांचे सुरुवातीचे मूळ वेतन अनुक्रमे ६८,९००, ७९,८०० आणि १,३१,४०० रुपये आहे, आणि विनियमांनुसार महाविद्यालयीन ग्रंथपालाची कॅसची शिडी पुढे लेव्हल १४ पर्यंत जाते.

उद्बोधन आणि उजळणी वर्ग पूर्वी अकॅडमिक स्टाफ कॉलेज आणि नंतर मानव संसाधन विकास केंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रांत होत. २०२३ पासून तीच केंद्रे मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे झाली असून, नोंदणी मिशनच्या पोर्टलवरून करावी लागते. उद्बोधन वर्गाच्या जागी आता गुरुदक्षता हा नवनियुक्तांसाठीचा कार्यक्रम चालतो. तांत्रिक प्रशिक्षणासाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट, म्हणजे ग्रंथालयांच्या संगणकीय जाळ्यासाठीच्या आयोगाच्या केंद्राकडे पाहावे; ‘सोल’ ही ग्रंथालय प्रणाली त्याच केंद्राने विकसित केलेली आहे आणि तिच्या वापराचे वर्ग तेच घेते. मूक अभ्यासक्रमांसाठी स्वयम हे शासकीय व्यासपीठ आहे. तेथे केवळ नावनोंदणी केल्याचा किंवा व्हिडिओ पाहिल्याचा पुरावा उपयोगाचा नाही. परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र लागते.

अभ्यासक्रम निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. विषय ग्रंथालयाच्या कामाशी जुळतो का, प्रमाणपत्रावर सुरुवातीची व शेवटची तारीख स्पष्ट आहे का, आणि त्या तारखा आपल्या मूल्यमापन कालावधीत बसतात का. एका दिवसाची पाच वेबिनार जोडून पाच दिवसांची कार्यशाळा होत नाही, तरीही अशा प्रमाणपत्रांचे गठ्ठे प्रस्तावाला जोडलेले दिसतात. त्याचप्रमाणे आधीच्या टप्प्यासाठी वापरलेले प्रशिक्षण पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा दाखवता येत नाही, कारण पुढच्या टप्प्याची अट त्या टप्प्यातील वर्षांपुरतीच असते.

वार्षिक मूल्यमापन : फाइल येथेच ठरते

तक्ता चारमध्ये पाच बाबी आहेत आणि प्रत्येक बाबीला दरवर्षी ‘चांगले’, ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’ अशी श्रेणी मिळते. पहिली बाब ग्रंथालयातील उपस्थितीची आहे. अपेक्षित दिवसांपैकी ९० टक्के किंवा अधिक उपस्थिती चांगली, ८० ते ९० टक्क्यांदरम्यान समाधानकारक, त्याखाली असमाधानकारक. वर्षात २४० दिवस अपेक्षित असतील तर २१६ दिवस म्हणजे ‘चांगले’ आणि १९२ दिवस म्हणजे ‘समाधानकारक’ असा तो हिशेब बसतो. उपस्थितीची नोंद शक्यतो तंत्रज्ञानाच्या साहाय्याने ठेवावी, अशी शिफारस तक्त्याखालच्या टीपेतच आहे.

दुसरी बाब चर्चासत्रे आणि कार्यशाळा आयोजित करण्याची आहे. आयोजित करणे आणि उपस्थित राहणे यांत येथे फार मोठे अंतर आहे. दुसऱ्या महाविद्यालयाच्या परिषदेला जाऊन आणलेले प्रमाणपत्र प्रशिक्षणाच्या अटीसाठी कदाचित उपयोगी पडेल, पण या बाबीत त्याचे काहीही मूल्य नाही. ‘चांगले’ ही श्रेणी राष्ट्रीय पातळीवरील एक आणि राज्य किंवा संस्था पातळीवरील एक कार्यक्रम घेतल्यास मिळते. राष्ट्रीय पातळीवरील एक कार्यक्रम, किंवा राज्य पातळीवरील एक आणि संस्था पातळीवरील एक, किंवा संस्था पातळीवरील चार कार्यक्रम घेतल्यास ‘समाधानकारक’ मिळते. हा शेवटचा पर्याय लहान महाविद्यालयांसाठी सर्वांत सोयीचा आहे. एखाद्या ग्रंथावर किंवा वाङ्मयप्रकारावर घेतलेला कार्यक्रमही तक्त्याने मान्य केलेला आहे, त्यामुळे सत्रामागे दोन असे आटोपशीर कार्यक्रम नीट घेतले तर राष्ट्रीय परिषदेचा खटाटोप टाळता येतो.

तिसऱ्या बाबीत पुस्तके आणि नियतकालिके संगणकीय डेटाबेसमध्ये किती टक्के नोंदलेली आहेत हे पाहिले जाते. १०० टक्के असल्यास चांगले, किमान ९९ टक्के असल्यास समाधानकारक. जेथे संगणकीय डेटाबेस नाही तेथे ग्रंथतालिका किती अद्ययावत आहे, यावर श्रेणी ठरते.

चौथी बाब साठा पडताळणी आणि गहाळ ग्रंथांची आहे, आणि माझ्या मते संपूर्ण तक्त्यात सर्वाधिक लक्ष द्यावे अशी ही एकच बाब आहे. पडताळणी झालेली असून गहाळ ग्रंथ ०.५ टक्क्यांपेक्षा कमी असतील तर ‘चांगले’, १ टक्क्यापेक्षा कमी असतील तर ‘समाधानकारक’. पडताळणीच केली नाही, किंवा गहाळ ग्रंथ १ टक्का वा अधिक निघाले, तर ‘असमाधानकारक’. एरवी ही पाचांतील एक बाब म्हणून सोडून देता आली असती. परंतु वर्षाची एकूण श्रेणी कशी काढायची हे सांगणाऱ्या वाक्यात या बाबीचा नावाने उल्लेख आहे. पहिल्या बाबीत ‘चांगले’ आणि चौथ्या बाबीसह इतर कोणत्याही दोन बाबींत समाधानकारक किंवा चांगले, तर ते वर्ष ‘चांगले’. पहिल्या बाबीत ‘समाधानकारक’ असून उरलेले तसेच, तर ते वर्ष ‘समाधानकारक’. अर्थात ज्या वर्षी साठा पडताळणी झाली नाही, ते वर्ष इतर चारही बाबींत उत्कृष्ट काम असूनही हिशेबातून बाद होते.

२०,००० ग्रंथांच्या संग्रहात गहाळ ग्रंथ १०० पेक्षा कमी असले तर ‘चांगले’ आणि २०० पेक्षा कमी असले तर ‘समाधानकारक’. जुन्या महाविद्यालयांत हा आकडा पहिल्याच पडताळणीत ओलांडला जातो, कारण अनेक वर्षांचे गहाळ ग्रंथ एकाच वेळी समोर येतात. म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या वर्षीच पडताळणी करून, पूर्वीचे गहाळ ग्रंथ स्वतंत्र यादीत दाखवून, ती यादी ग्रंथालय समितीसमोर ठेवावी आणि निर्लेखनाची, म्हणजे ते ग्रंथ नोंदीतून कमी करण्याची, रीतसर मंजुरी घ्यावी. मंजुरीच्या ठरावाची तारीख व क्रमांक दाखल नोंदवहीत संबंधित दाखल अंकासमोर लाल शाईने नोंदवला की पुढच्या पडताळणीची सुरुवात स्वच्छ पायावर होते. देवघेवीत बाहेर असलेले आणि बांधणीसाठी दिलेले ग्रंथ गहाळ धरले जाऊ नयेत, यासाठी पडताळणी अहवालात त्यांचे वेगळे रकाने ठेवावेत.

पाचव्या बाबीत ग्रंथालय नेटवर्कचा प्रसार, माहिती वाचकांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था, प्रवेश व परीक्षांच्या कामातील साहाय्य, वाचकांसाठी अल्पमुदतीचे अभ्यासक्रम, आयोगमान्य नियतकालिकातील शोधनिबंध अशी कामे येतात. त्यांपैकी दोन केल्यास चांगले, एक केल्यास समाधानकारक. शोधनिबंधाच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. आयोगाची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाल्याचे आयोगाने कळवले. त्यामुळे मधल्या काळातील निबंध जोडताना नियतकालिक त्या वेळी यादीत होते, हे दाखवणारा तारखेसह छापील पुरावा हाताशी असलेला बरा.

चार, पाच किंवा सहा वर्षांच्या कालावधीत अनुक्रमे तीन, चार किंवा पाच वर्षे ‘समाधानकारक’ अथवा ‘चांगले’ असावी लागतात. लेव्हल १२ साठी पाचांपैकी चार, आणि १३ए साठी तिनांपैकी दोन. म्हणजे प्रत्येक टप्प्यात एकाच वर्षाची सूट आहे.

व्यावसायिक संघटनांचा उपयोग

१९३३ मध्ये स्थापन झालेली इंडियन लायब्ररी असोसिएशन, १९५५ मधील इयास्लिक ही विशेष ग्रंथालये व माहिती केंद्रांची संघटना किंवा आपल्या विद्यापीठ क्षेत्रातील ग्रंथपालांची संघटना यांच्या सदस्यत्वाला तक्ता चारमध्ये गुण नाहीत. सदस्यत्वाच्या पावत्या जोडल्याने फाइल फक्त जाड होते. तरीही संघटनेपासून दूर राहणाऱ्या ग्रंथपालाचे नुकसान होते, आणि ते दुसऱ्या बाबीत दिसते. राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरील कार्यक्रमासाठी वक्ते, सहआयोजक आणि सहभागी या वर्तुळातूनच मिळतात. शेजारच्या महाविद्यालयातील सहकाऱ्याने बारकोड वाचक यंत्र पडताळणीच्या आठवड्यापुरते वापरायला दिले तर महिन्याचे काम आठवड्यात होते. इन्फ्लिबनेटच्या प्लॅनर आणि कॅलिबर या परिषदांचेही तसेच. निबंध वाचनापलीकडे तेथे प्रणाली बदलण्याच्या, म्हणजे सोलवरून कोहा या दुसऱ्या ग्रंथालय प्रणालीवर किंवा उलट जाण्याच्या, प्रत्यक्ष अडचणी अनुभवी माणसांकडून ऐकायला मिळतात.

अर्ज आणि कागदपत्रे

पात्रतेच्या तारखेच्या तीन महिने आधी विद्यापीठाच्या विहित नमुन्यात अर्ज महाविद्यालयाकडे द्यावा, असे विनियम सांगतात. अर्ज मिळाल्यापासून सहा महिन्यांत प्रक्रिया पूर्ण करणे संस्थेवर बंधनकारक आहे. अर्ज देताना आवक क्रमांकासह पोच घ्यावी, कारण विलंब कोणाकडून झाला हा प्रश्न पुढे उद्भवल्यास तेवढाच कागद उपयोगी पडतो.

प्रस्तावासोबत सामान्यतः नेमणूक आदेश, विद्यापीठाचे मान्यता पत्र, पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएच.डी.ची प्रमाणपत्रे, आधीच्या स्थाननिश्चितीचा आदेश आणि सेवापुस्तकातील संबंधित पानांच्या साक्षांकित प्रती जोडाव्या लागतात. प्रशिक्षणाच्या प्रत्येक प्रमाणपत्रामागे कार्यमुक्ती आदेश आणि परत रुजू झाल्याचा अहवाल लावावा. तारखा जुळत नाहीत हा आक्षेप बहुतेक वेळा येथेच निघतो. वार्षिक मूल्यमापन अहवालांवर त्या त्या वर्षीच प्राचार्यांची सही झालेली असावी. सहा वर्षांचे अहवाल एकाच शाईत, एकाच दिवशी सही केलेले दिसले की समितीच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. पडताळणी अहवाल, डेटाबेसमधून काढलेला एकूण नोंदींचा तक्ता, घेतलेल्या कार्यक्रमांची मंजुरी, पत्रिका, उपस्थितीपत्रक आणि अहवाल हे वर्षवार लावावेत. डेटाबेसची तपासणी समिती यादृच्छिक पद्धतीने करू शकते, तेव्हा शेल्फवरून उचललेले कोणतेही पुस्तक ओपॅकमध्ये, म्हणजे वाचकांसाठीच्या संगणकीय तालिकेत, सापडले पाहिजे. वाचकांच्या तक्रारी आणि त्यांचे निवारण यांची नोंदवही मागितली जाऊ शकते, म्हणून तीही तयार ठेवावी.

लेव्हल ११ आणि १२ साठी छाननी-नि-मूल्यमापन समिती शिफारस करते. १३ए साठी निवड समितीसमोर मुलाखत होते. समितीच्या विचारविनिमयाच्या दिवशी उमेदवार प्रत्यक्ष सेवेत असावा लागतो, म्हणून निवृत्ती जवळ आलेल्यांनी प्रस्ताव रेंगाळू देऊ नये. किमान सेवाकाल पूर्ण होताच अर्ज करून यश मिळाले तर पदोन्नती त्या किमान कालावधीच्या तारखेपासून लागू होते. एखादी अट उशिरा पूर्ण झाली असेल तर ती ज्या दिवशी पूर्ण झाली त्या दिवसापासून. शिफारस न झाल्यास किमान एक वर्षानंतर पुनर्मूल्यांकन होते आणि मग यशस्वी पुनर्मूल्यांकनाची तारीख धरली जाते. शिफारस झाल्यावर स्थाननिश्चितीचा आदेश निघतो, आणि अनुदानित महाविद्यालयांत त्याच्या आधारे वेतननिश्चितीचा प्रस्ताव विभागीय सहसंचालक, उच्च शिक्षण यांच्या कार्यालयाकडे पाठवला जातो.