गुलाबी फूल कमळाचं, पान मात्र कुमुदाचं

कमळ काढलं नाही असा हात मराठवाड्यात सापडणं कठीण. महालक्ष्म्यांपुढच्या रांगोळीत अष्टदल कमळ असतंच, आणि वेरूळला 32 क्रमांकाच्या लेण्यात वरच्या मजल्याच्या छतावर ते कोरलेलं आहे. ही चिन्हं आहेत, त्यांना झाडाचे नियम लावू नयेत. पण तळ्यातलं कमळ म्हणून चित्र काढायचं ठरलं, की शाळेच्या भिंतीपासून स्मरणचित्राच्या कागदापर्यंत तीच चूक दिसते: फूल कमळाचं आणि भोवती पानं कुमुदाची, म्हणजे वॉटर लिलीची.

गोंधळ शब्दांतूनच सुरू होतो. संस्कृतात पद्म वेगळं, उत्पल आणि कुमुद वेगळी. आपण बोलताना सगळ्यांनाच कमळ म्हणतो. नर्सरीतही टबातलं कुमुद बरेचदा कमळ म्हणूनच विकलं जातं. प्रत्यक्षात या दोन वनस्पतींची कुळंसुद्धा निराळी आहेत.

फुलातला फरक बहुतेकांना माहीत असतो. कमळाची पाकळी रुंद, पळीसारखी खोलगट आणि टोकाला किंचित अणकुचीदार. कुमुदाची अरुंद, त्यामुळे फूल चांदणीसारखं दिसतं. ‘कमळ पाण्याच्या वर, कुमुद पाण्यावर’ ही खूण मात्र सोडून द्या. कुमुदाच्या कितीतरी जातींची फुलंही देठावर वर येतात.

खात्रीची खूण पानात आहे. कुमुदाच्या पानाला कडेपासून देठापर्यंत गेलेली खाच असते, भाकरीचा एक निमुळता तुकडा काढून घेतल्यासारखी, आणि ते पाण्यावर पसरून राहतं. कमळाच्या पानाला खाच नसते. ते पूर्ण गोल असतं आणि देठ खालून बरोबर मध्यभागी जोडलेला असतो, छत्रीच्या दांड्यासारखा. परसातलं अळू आठवा: अळवाचा देठही पानाच्या कडेला नसतो, थोडा आत जोडलेला असतो. तोच जोड आणखी आत, थेट मधोमध सरकवला आणि अळवाची खाच बुजवली, की कमळाचं पान झालं. कमळाची कोवळी पानं पाण्यावर तरंगतात, पण तीही अखंड गोलच. मोठी पानं पाण्याबाहेर उभी राहतात, 60 सेंटिमीटरपर्यंत रुंद होतात आणि मध्यात नरसाळ्यासारखी दबतात.

चित्रात नेमकं इथेच अडतं. उभं पान समोरून पाहिलं की वर्तुळ दिसत नाही, चपटा लंबगोल दिसतो. आधी तो लंबगोल हलक्या हाताने काढा, रुंदी उंचीच्या तिप्पट धरा. मध्यबिंदू लंबगोलाच्या केंद्राच्या थोडा खाली ठेवा, कारण पान तिथे दबलेलं असतं. त्या बिंदूपासून शिरा चक्राच्या आऱ्यांसारख्या सगळीकडे न्या आणि कडेजवळ प्रत्येकीला दोन फाटे फोडा. मग कड थोडी लाटेसारखी करा. देठ काढताना पट्टी मध्यबिंदूवर उभी धरा: पुढच्या कडेखाली देठ जिथून दिसायला लागतो, ती जागा त्याच सरळ रेषेत यायला हवी. बाजूच्या कडेला देठ चिकटवला की पान लगेच पिंपळाचं वाटतं. देठावर बारीक काटे असतात. चार-पाच ठिपके दिले तरी पुरे. पानावर थेंब दाखवायचे तर गोल, मोत्यासारखे आणि मध्याकडे घरंगळलेले काढा. अळवावरचं पाणी पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

फुलाची सुरुवात पाकळ्यांपासून करू नका. आधी मधला बीजकोश काढा: उलट्या शंकूसारखा, माथा सपाट, त्यावर ठिपक्यांसारखी छिद्रं. त्याभोवती पुंकेसरांची झालर, मग आतल्या उभ्या पाकळ्या, शेवटी बाहेरच्या झुकलेल्या. कुमुदात हा शंकू नसतोच, फक्त केसरांचा पिवळा झुबका असतो. ताज्या फुलात बीजकोश पिवळा असतो, पाकळ्या गळाल्यावर हिरवा होतो आणि वाळल्यावर तपकिरी. ताज्या गुलाबी पाकळ्यांत तपकिरी बीजकोश म्हणजे दोन वेगळ्या आठवड्यांची चित्रं एकत्र.

गुलाबी कमळ रंगवताना पाकळीचं टोक गडद आणि बूड जवळजवळ पांढरं, किंचित पिवळसर ठेवा. जलरंगात पाकळी स्वच्छ पाण्याने ओली करा, पाण्याची चकाकी जरा कमी होऊ द्या आणि 6 नंबरच्या ब्रशने क्रिमसन लेक फक्त टोकाला लावा. रंग आपसूक खाली उतरतो. पाणी जास्त झालं तर तो बुडापर्यंत धावतो आणि सगळी पाकळी एकरंगी होते. एक सोडून एक पाकळी रंगवा, शेजारच्या दोन ओल्या पाकळ्या हमखास मिसळतात. वाळल्यावर 2 नंबरच्या ब्रशने बुडापासून टोकाकडे बारीक शिरा ओढा. सावलीसाठी त्याच गुलाबीत कोबाल्ट ब्लूचा थेंबभर अंश घाला, काळा रंग कधीच नको. आणि काळ्या स्केचपेनने फुलाला कड मारणं तर पूर्ण बंद करा, त्या एका रेषेने पाकळीचा सगळा नाजूकपणा जातो.

पानांचे रंगही एक नाहीत. कमळाचं पान निळसर आणि मंद: सॅप ग्रीनमध्ये थोडा कोबाल्ट ब्लू, भरपूर पाणी. कुमुदाचं पान वरून चकचकीत, तिथे उजेडाच्या जागी कोरा कागद सोडा. पुष्कळ जातींत त्याची खालची बाजू जांभळट असते, वळलेल्या कडेला ती दाखवा.

राहिला निळा रंग. आपल्या तळ्यातलं खरं कमळ गुलाबी किंवा पांढरं असतं, निळं नसतं. आपण ज्याला नीलकमळ म्हणतो ते कुमुदाच्या कुळातलं, म्हणजे जुनं नीलोत्पल. तेव्हा फूल निळं काढलंत, तर पानाला खाच द्या आणि मधला शंकू पुसून टाका.