श्रीयंत्र (बेळगाव सीमाभागातील)

श्रीयंत्र हे श्रीविद्या, म्हणजे देवीच्या तांत्रिक उपासनेतील देवी ललिता त्रिपुरसुंदरीचे रेखारूप. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी घरांत ‘श्रीयंत्र’ म्हणतात, तर शेजारच्या कन्नड घरात ‘श्रीचक्र’. वस्तू एकच. देवघरात ते बहुधा तळहाताएवढा तांब्याचा पत्रा म्हणून कुलदैवतांच्या टाकांशेजारी असते.

मधोमध बिंदू. त्याभोवती एकमेकांत गुंतलेले नऊ मोठे त्रिकोण: टोक वर असलेले चार शिवाचे, टोक खाली असलेले पाच शक्तीचे. काही परंपरांत दिशा उलट धरतात. या गुंत्यातून ४३ लहान त्रिकोण तयार होतात (आतून बाहेर १, ८, १०, १० आणि १४). बिंदू धरला की ४४, आणि ‘सौंदर्यलहरी’ या देवीस्तोत्राच्या ११व्या श्लोकात या आकड्याचे दोन्ही पाठ सापडतात. त्याबाहेर आठ पाकळ्यांचे कमळ, मग सोळा पाकळ्यांचे, आणि शेवटी चार दारांचा चौकोन, म्हणजे भूपूर. पूजेत बिंदूकडून बाहेर जाणे हा सृष्टिक्रम, भूपुराकडून आत येणे हा संहारक्रम. भूपूर ‘त्रैलोक्यमोहन’ आणि बिंदू ‘सर्वानंदमय’ अशी या नऊ आवरणांना, म्हणजे थरांना, नावे आहेत.

आकृती दिसते त्याहून अवघड आहे. जिथे तीन रेघा एकत्र येतात त्या जागेला मर्म म्हणतात. तिथे रेघ केसभर सरकली तरी नको असलेला बारीक त्रिकोण उघडतो, आणि तो मिटवायला गेले की दुसरीकडे फट पडते. म्हणूनच बाजारातल्या ठसा मारलेल्या पत्र्यांत चुका सर्रास आढळतात. घेण्याआधी पाकळ्या आणि मर्मे भिंगाखाली पाहावीत. दुकानदार कंटाळला तरी चालेल. उंच, पायऱ्यापायऱ्यांच्या घडणीला मेरू म्हणतात.

उगम तांत्रिक ग्रंथपरंपरेत आहे. ‘वामकेश्वरीमत’ या तंत्रग्रंथावर काश्मीरच्या जयरथाने १३व्या शतकात टीका लिहिली. दक्षिणेत ही उपासना शंकराचार्यांच्या मठांतून रुजली. सीमाभागावर दोन्हीकडून तिची छाया पडते: खालून शृंगेरीच्या शारदापीठाची, वरून करवीरच्या अंबाबाईची. कोल्हापूरच्या त्या देवळात भिंतीवर श्रीयंत्र कोरलेले आहे. करवीरच्या शंकराचार्य पीठाचे दुसरे नाव ज्या गावावरून आले, ते संकेश्वर तर बेळगाव जिल्ह्यातच, हुक्केरी तालुक्यात आहे.

घरोघरी मात्र तंत्रापेक्षा कुंकुमार्चन ओळखीचे. शुक्रवारी किंवा नवरात्रात पत्रा ताम्हणात ठेवून ललितासहस्रनामाच्या एकेका नावाला चिमूटभर कुंकू वाहतात. (या सहस्रनामावरची भास्कररायांची ‘सौभाग्यभास्कर’ टीका १८व्या शतकातली.) शंभरेक नावांतच त्रिकोण बुजतात आणि हजाराव्या नावाला ताम्हणात नुसता लाल ढीग उरतो. ते कुंकू डबीत भरून शेजारणींना देतात. पत्रा चिंचेने घासला जातो. वर्षानुवर्षांच्या घासण्याने रेघा झिजून गुळगुळीत झालेली, आजीच्या वेळची यंत्रे अनेक घरांत आजही पूजेत आहेत.