ब्लेड सर्व्हरवरील सिरियल कर्नल डीबगिंग

चालू सर्व्हरचे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मध्येच थांबवून, त्याची स्मृती आणि रजिस्टरे दुसऱ्या संगणकावरून सिरियल पोर्टमार्फत तपासण्याची पद्धत. तपासला जाणारा संगणक म्हणजे टार्गेट. डीबगर, म्हणजे चुका शोधण्याचा प्रोग्राम, जिथे चालतो तो होस्ट.

सिरियल पोर्टचे आरएस-२३२ हे मानक १९६० सालचे. इतकी जुनी वाट अजून का वापरतात, याचे उत्तर कर्नल थांबण्यातच आहे. डीबगरने कर्नल रोखले की शेड्युलर (कामांच्या पाळ्या लावणारा), इंटरप्ट (हार्डवेअरने कर्नलला दिलेली हाक), नेटवर्कचे नेहमीचे ड्रायव्हर असे सगळेच जागच्या जागी थिजते. सिरियल पोर्ट चालवणाऱ्या यूएआर्ट चिपला यातले काहीच लागत नाही. एक रजिस्टर पुन:पुन्हा वाचून बाइट आला का ते पाहायचे, दुसऱ्यात लिहून उत्तर पाठवायचे, एवढ्यावर तिचे भागते.

ब्लेड म्हणजे चासी नावाच्या सामायिक पेटीत सरकवून बसवायचा पातळ सर्व्हर. त्याच्या बाबतीत अडचण वेगळीच असते. त्याला केबल खोचायला मागची बाजूच मिळत नाही. एचपीच्या २००६ मध्ये आलेल्या सी७००० चासीत १० यू (यू हे रॅकमधील उंचीचे एकक) उंचीत अर्ध्या उंचीचे १६ ब्लेड बसतात आणि वीज, पंखे, नेटवर्क सगळ्यांत सामायिक असते. ब्लेडच्या तोंडाशी असलेल्या जोडणीला एक फाटे फुटलेली केबल लावली की सिरियल, यूएसबी आणि व्हिडिओ बाहेर काढता येतात. पुढे होस्टपर्यंत नल-मोडेम केबल लागते, कारण दोन्ही टोकांच्या पाठवण्याच्या आणि घेण्याच्या तारांची अदलाबदल करावी लागते. हा मार्ग खात्रीचा, पण त्यासाठी डेटा सेंटरमध्ये जाऊन उभे राहावे लागते.

म्हणून बहुतेक जण व्यवस्थापन नियंत्रकाकडे, म्हणजे सर्व्हर दुरून सांभाळणाऱ्या वेगळ्या चिपकडे, वळतात. २००४ च्या आयपीएमआय २.० या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या मानकात ‘सिरियल ओव्हर लॅन’ची सोय प्रमाणित झाली. ब्लेडच्या सिरियल पोर्टवरचे बाइट हा नियंत्रक यूडीपी पोर्ट ६२३ वरून होस्टकडे पोहोचवतो. एचपीच्या आयएलओ या नियंत्रकात हेच काम आभासी सिरियल पोर्ट करतो. टार्गेटच्या कर्नलला मात्र तो साधा कॉम (सिरियल) पोर्टच वाटतो.

लिनक्सवर केजीडीबी हा कर्नलमधला डीबगर वापरतात. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००० साली आपल्याला डीबगर आवडत नाहीत असे उघडपणे लिहिले होते, आणि केजीडीबी बरीच वर्षे वेगळ्या पॅचच्या रूपातच राहिले. २००८ मध्ये ते २.६.२६ आवृत्तीत आले. त्याच्या जोडीचे केडीबी २०१० मध्ये २.६.३५ मध्ये. ब्लेडवर सुरुवात केडीबीने करावी हे बरे, कारण ते त्याच टर्मिनलमध्ये आज्ञा घेते. केजीडीबीशी होस्टवरून बोलणाऱ्या जीडीबी या डीबगरला वाहिनी स्वत:पुरती हवी असते. तिच्यात कन्सोलचे संदेश मिसळले तर दोन्ही वेगळे करणारा एजंट-प्रॉक्सीसारखा प्रोग्राम मध्ये घालावा लागतो.

वेळ खरा जातो तो पोर्ट ओळखण्यात. बायोसमध्ये आभासी पोर्ट कॉम-१ ला जोडला आहे की कॉम-२ ला, यावर कर्नलच्या बूट ओळीत टीटीवायएस० लिहायचे की टीटीवायएस१ (लिनक्समधील पहिल्या दोन सिरियल पोर्टांची नावे) हे ठरते. एका आकड्याची चूक झाली तर पडदा कोरा राहतो, कुठलाही त्रुटीसंदेश येत नाही. वेगही सगळीकडे एकच हवा, बहुधा सेकंदाला ११५२०० बिट. विंडोजवर पोर्ट व वेग बूट नोंदीत बीसीडीएडिट या आज्ञेने देतात. तिथे आणीबाणी व्यवस्थापन सेवा (सिरियलवरून विंडोज सावरण्याची सोय) आणि डीबगर यांना एकच पोर्ट वाटून घेता येत नाही, आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर डीबगिंगची नोंद बदलूच देत नाही.

नवख्याला हमखास चकवणारी गोष्ट म्हणजे वॉचडॉग, प्रतिसाद न देणारा सर्व्हर आपोआप रीबूट करणारी सोय. एचपीच्या सर्व्हरवरील स्वयंचलित पुनर्प्राप्तीची मुदत मुळात १० मिनिटांची असते. ब्रेकपॉइंटवर (कर्नल थांबवण्यासाठी खूण केलेल्या जागी) थांबून कोड वाचत बसावे, तर हार्डवेअरच्या लेखी सर्व्हर मेलेला असतो आणि ते तो रीबूट करून टाकते. ही सोय आधी बंद करावी. उलट, कर्नल खरोखरच इंटरप्ट बंद ठेवून अडकले असेल तर कळफलकावरून डीबगरला बोलावता येत नाही. तेव्हा व्यवस्थापन नियंत्रकाकडून एनएमआय, म्हणजे बंद न करता येणारा इंटरप्ट, पाठवतात. त्यावर पॅनिक (गंभीर त्रुटी मानून कर्नलने थांबणे) व्हावे अशी मांडणी लिनक्सवर आधीच केलेली असावी लागते.

गतीची मर्यादा मोठी आहे. प्रत्येक बाइटमागे सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट जातात, म्हणजे ११५२०० वर सेकंदाला जेमतेम ११,५२० बाइट. एक गिगाबाइट स्मृती या वाटेने ओढायला जवळजवळ २६ तास लागतील. पूर्ण स्मृतीची प्रत हवी असेल तर ती टार्गेटच्या स्वत:च्या डिस्कवरच उतरवतात.